पाला कोणी काढायचा

माझ्या थोरल्या बहिणीला बाहेरचे लोक शास्त्रज्ञ म्हणायचे. आमच्या गावात मात्र तिला शेवटपर्यंत धोंडीच म्हणत. तोंडावर नाही, पण पाठीमागं हमखास. मी गावच्या शाळेत शिकवत होते, निम्मं गाव माझ्या हातचा मार खाऊन मोठं झालेलं, त्यामुळं माझ्यासमोर बोलायची कोणाची टाप नव्हती. तरी एकदा एका पोट्ट्यानं भर वर्गात विचारलंच, "बाई, तुमच्या ताईले अजून कोणी सोडलं नाही, हे खरं हाय का?" मी त्याचा कान चांगला पिळला. मग सगळ्या वर्गाला पाढे म्हणायला लावले.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पाऊस रुसला की आमच्याकडं धोंडी निघते. एका पोराच्या अंगाला गळ्यापासून गुडघ्यापर्यंत कडुनिंबाचा पाला बांधायचा, मुसळाला बेडूक लटकवायचा आणि घरोघर जाऊन पाण्याची हाळी द्यायची. घरची बाई उंबऱ्यावर येते, धोंडीच्या डोक्यावर तांब्याभर पाणी टाकते आणि झोळीत धान्य घालते. इतकं पुष्कळ गावांत आहे. आमच्या गावाचे दोन नियम वेगळे होते. एक म्हणजे, धोंडीच्या झोळीत घरच्या बाईनं काय टाकलं हे कोणी विचारायचं नाही, तिच्या नवऱ्यानंसुद्धा नाही. दुसरा असा की त्या दिवशी जिचं पाणी पहिलं पडलं, तिनंच शेवटी धोंडीच्या अंगावरचा पाला काढायचा आणि म्हणायचं, "सुटली." तोवर धोंडी बांधलेली. दुसऱ्या कोणी पाला काढला तर चालत नाही. का चालत नाही, असं मी लहानपणी मायला विचारलं तर ती खेकसली, "काऊन अन् कायले करत बसू नको. चालत नाही म्हंजे नाही चालत."

आणि पुढं तोच नियम माझ्या मायनंच मोडला. पण ते पुढं येईल.

आमचं गाव रोहिणखेडच्या अलीकडं, रस्त्यापासून थोडं आत. बाबा लवकर गेले. माय, ताई आणि मी, घरात तिघीच. चार एकर कोरडवाहू आणि एक गाय. ताईला शिकायचं वेड होतं, आणि मायला ताईचं. नातलग बोंबलत राहिले, "पोरीच्या जातीले एवढं शिकवून का करतं व?" माय ऐकून न ऐकल्यासारखं करायची. ताई नागपूरला शिकली, मग पुण्याला एका संस्थेत हवामानाच्या अभ्यासाला लागली. तिचं काम काय, तर जुना पाऊस शोधायचा. प्रत्येक तहसिलीत पाऊस मोजायचं भांडं असतं आणि त्याचे आकडे इंग्रजांच्या काळापासून कोणी ना कोणी लिहून ठेवलेले असतात. ते धुळीतून उकरून काढायचे आणि पाऊस आपली चाल बदलतो आहे का ते बघायचं. मी तिला म्हणायचे, "पडून गेलेला पाऊस मोजून काय करतेस गं? उद्याचा सांग ना." ती हसायची. हसली की तिचा एक दात दुसऱ्यावर चढलेला दिसायचा.

मग तो मोठा दुष्काळ आला. ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळायचं नाही. दुकानात ज्वारी नाही, रेशनवर ती परदेशी लाल मिलो. भाकरी थापली की तव्यावरच तुकडे व्हायचे. बाया रस्त्याच्या कामावर खडी फोडत होत्या. नदीच्या वाळूत माणूस उभा राहील एवढे खड्डे खणले, ते कोरडे निघाले. पण मला सगळ्यात भीती वाटायची ती दुपारची. गुरं छावणीला गेलेली, माणसं कामावर, कुत्री कुठंतरी पडलेली. भर बाराला गावात उभं राहावं तर स्वतःच्या कानातला आवाज ऐकू यायचा. कावळे चोच उघडी टाकून जमिनीवर बसलेले असायचे, माणूस जवळ गेलं तरी उडायचे नाहीत, नुसते बघायचे.

त्याच वर्षी फाल्गुनात वरच्या आळीतल्या शेवटच्या घरची सून विहिरीत गेली. जीव द्यायला नाही, पाणी आणायला. विहिरीच्या तळाशी थोडा झिरा उरला होता. अंगानं हलक्या बाईला दोरानं खाली सोडायचं, तिनं वाटीनं पाणी खरवडून कळशी भरायची, कळशी वर घ्यायची, मग बाईला. त्या दिवशी कळशी भरून वर आली आणि बाजूचा भराव ढासळला. ती वर आली नाही. तिचे हात तेवढे बाहेर होते म्हणतात, कोपरापर्यंत चिखलाचे. ही सून गावचीच लेक, चौथीपर्यंत ताईच्या पाटीला पाटी लावून बसलेली. गणितात ताईपेक्षा हुशार होती, हे ताईच सांगायची. पाचवीला बापानं तिला शाळेतून काढलं. ती गेल्यावर घरचे लोक कवाडाला कुलूप लावून लांब धरणाच्या कामावर निघून गेले.

ताई वैशाखात गावी आली तेव्हा तिला हे कळलं. ती विहिरीकडं गेली, बऱ्याच वेळानं परत आली आणि जेवली नाही.

तिच्याकडं दुसरी एक बातमी होती. परदेशात बऱ्याच देशांची बैठक भरणार होती. माणसाच्या कारभारानं हवा-पाणी बिघडतंय का आणि बिघडत असेल तर कोणत्या देशानं काय करायचं, यावर तिथं बोलणं व्हायचं होतं. ताईचं वऱ्हाडच्या पावसावरचं काम कोणाच्या तरी नजरेत आलं आणि तिला बोलावणं आलं. राहण्याजेवणाचं ते बघणार, विमानाचं तिकीट मात्र आपलं आपण. संस्थेनं रजा दिली आणि हात वर केले. ताईनं आपली सगळी शिल्लक मोडली तरी निम्मं भाडं कमी पडत होतं.

"नाही गेली तर काय होईल?" मी विचारलं.

"काही नाही होणार. तिथं सगळे बोलतील, आपल्या पावसाबद्दल ठरवतील आणि आपल्याकडचं कोणीच नसेल. विहिरीत उतरणारीचं कोण सांगेल गं तिथं?"

हे ऐकल्यावर मी वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन तिच्याबरोबर निघाले.

काय काय ऐकून घेतलं! पाटलांनी चहा पाजला, पान लावलं आणि विचारलं, "पाऊस मोजता येते, समजलं. पाडता येते का?" ताई म्हणाली, "नाही." "मंग?" असं म्हणून ते पान चघळत बसले. मलकापूरला एक कापसाचे जिनिंगवाले होते, दानशूर म्हणून नाव मोठं. ते म्हणाले, "बाई, लग्नाचं जमवा, आहेर आमच्याकडून घसघशीत." मी उठले आणि चहाचा कप असा आदळला की बशी तडकली. ताई बाहेर येऊन मलाच रागावली. बशी कोणाची आणि राग कोणाचा! एवढं शिकली होती, पण या बाबतीत अगदीच भोळी.

पावतीपुस्तक कोरंच राहिलं. त्या संध्याकाळी मायनं ताईला समोर बसवलं. शेजारची म्हातारी सुईणही येऊन बसली होती. गावातल्या सगळ्यांना तिनंच जन्माला घातलेलं, त्यामुळं पाटलालासुद्धा ती "बे" म्हणायची.

"मले नीट सांग," माय म्हणाली. "तिथं जाऊन तू करणार का?"

"बोलणार. आमचा पाऊस बिघडत चाललाय, तुमच्या कारखान्यांचा धूर आवरा, असं सांगणार."

"अन् थे आयकतीन?"

"माहीत नाही."

"म्हंजे मोठ्या लोकाइच्या दारी जाऊन पाणी मागाचं. देवो न देवो."

"हो. तसंच म्हण."

"मंग तू धोंडीच हायेस की व माय," सुईण म्हणाली. "पावत्या कायले फाडून राह्यली?"

मायच्या डोळ्यांत एकदम काहीतरी चमकलं. ती म्हणाली, "पावती फाडली त पुरुष देते, म्हंजे देत नाही. धोंडी झाली त बाया देतीन. अन् बायाइले कोणी इचारणार नाही."

ताई उडालीच. "मी हवामानाचा अभ्यास करते आणि अंगाला पाला बांधून फिरू? संस्थेत कळलं तर माझी शोभा होईल." पण सुईणीनं तिला गुंडाळलं. त्या वर्षी पोट्ट्यांची धोंडी दोनदा निघून हात हलवत परत आली होती. बाईनं कधी मागितलं नव्हतं. बाईनं मागून बघायला काय हरकत, असा तिचा मुद्दा होता. आणि ताई शेवटी तयार झाली ती विहिरीतल्या त्या मैत्रिणीमुळं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

बेडूक सापडेना. तळ्यात, नदीत, कुठंच नाही. सुईणीनं मातीचा बेडूक केला आणि उन्हात वाळवला. दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या कामाला सुट्टी होती, बाया घरी होत्या. टळटळीत दुपारी आम्ही निघालो. पुढं ताई, अंगाला पाला, खाली मायचं जुनं लुगडं. मागं मुसळ घेतलेल्या माय आणि सुईण, आणि झोळी माझ्या खांद्यावर. धोंडीनं बोलायचं नाही आणि मागं बघायचं नाही. हाळी सुईण देत होती, पण तिचा आवाज त्या उन्हात फार दूर जात नव्हता.

पहिल्या दारात बाई बाहेर आली आणि तिथंच उभी राहिली. डोक्यावर टाकायला पाणी कुठून आणायचं? घरात प्यायला नव्हतं. तिनं तांब्या आणला, तो रिकामा होता. तिनं तो ताईच्या डोक्यावर उलटा धरला, थोडा हलवला आणि तोंड फिरवून रडायला लागली. मग आत जाऊन मूठभर मिलो आणून झोळीत टाकली. मूठ जरा जास्तच वेळ झोळीत राहिली.

दुसऱ्या दारी तेच, तिसऱ्या दारीही तेच. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी ठरवलं नव्हतं. बाई उंबऱ्यावर येई, रिकामा तांब्या ताईच्या डोक्यावर उलटा धरी, आणि मूठ झोळीत रिकामी करी. हळूहळू पुढच्या दारांतल्या बाया आधीच बाहेर येऊन उभ्या राहायला लागल्या. आळीच्या दोन्ही अंगांना बायाच बाया, प्रत्येकीच्या हातात रिकामा तांब्या, आणि आवाज कशाचाच नाही. पाटलाच्या दारात पाटलीणबाई स्वतः आली. तिनंही उलटाच तांब्या धरला. तिच्या घरी पाणी होतं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण सगळ्यांकडं नाही म्हटल्यावर तिनंही टाकलं नाही, आणि मला ते बरं वाटलं.

वरच्या आळीत शेवटी ते कुलूप लावलेलं घर आलं. तिथून परत फिरायचं ठरलं होतं. पण धोंडीनं एकही दार सोडायचं नसतं, म्हणून ताई कवाडासमोर जाऊन उभी राहिली. सुईणीनं सवयीनं हाळी दिली. आम्ही परत वळणार, तेवढ्यात पाणी पडलं.

मी डोळ्यांनी पाहिलं. थेंब नव्हे, भरला तांब्या ओततात तशी धार ताईच्या डोक्यावर पडली, मानेवरून पाल्यात उतरली आणि तिच्या पायाशी माती काळी झाली. माझ्या हातावर शिंतोडे आले, बर्फासारखे गार. जुन्या विहिरीच्या तळाचा तो ओला, मातकट वास सगळीकडं पसरला. कवाडाला कुलूप तसंच होतं. उंबऱ्यावर कोणी नव्हतं.

मायनं एक अस्सा आवाज काढला की तो मी पुन्हा कधी ऐकला नाही. तिनं मुसळ टाकलं, धावत पुढं झाली आणि ताईच्या अंगावरचा पाला ओरबाडायला लागली. "सुटली, सुटली, सुटली माही पोरगी," असं म्हणत दोन्ही हातांनी ती डहाळे तोडून फेकत होती.

"काऊन काढला व!" सुईण ओरडली. "जिनं पाणी टाकलं तिनं काढाचा!"

"थे कुठून आणू मी?" माय किंचाळली.

तिनं शेवटचा डहाळा तोडून फेकला.

ताई भिजली होती, पण घाबरलेली दिसली नाही. तिच्यातली मोजणारी बाई जागी झाली. शेजारच्या भिंतीवरून ती धाब्यावर चढली. धाबं म्हणजे मातीचं सपाट छप्पर. वर कोणी नव्हतं. मातीवर कोणाचं पाऊल नव्हतं, आणि ती इतकी तापलेली होती की ताईचा तळहात भाजला. दारावरच्या पन्हळीत चिमणीचं जुनं घरटं होतं, ते कोरडं होतं. ती खाली उतरली आणि हळूच म्हणाली, "काहीतरी कारण असेल." सुईणीनं मुसळ उचललं. मातीचा बेडूक विरघळून दोरीला नुसता चिखल लोंबत होता.

घरी येऊन झोळी पालथी केली. लाल मिलोच्या ढिगात बायांचं चोरून ठेवलेलं सगळं निघालं. जोडवी, वाळे, गाठवलेल्या रुमालात नोटा, एक सोन्याचा मणी, आणि पाटलीणबाईच्या हातातला जाडजूड गोठ. पाटलानं पान चघळत नाही म्हटलं होतं ना? घ्या! बातमी आजूबाजूच्या गावांत गेली. चार दिवस बाया लेकींच्या हाती काहीबाही पाठवत होत्या, आणि म्हणत होत्या, "धोंडीच्या झोळीत टाकजो." किती झालं ते सांगणार नाही. झोळीतलं विचारायचं नसतं. तिकिटाचं भागलं एवढं समजा. माय त्या चांदीसमोर बसून ढसाढसा रडली. भीतीनं की आनंदानं, तिलाही कळलं नसेल.

ताईला आम्ही शेगावहून गाडीत बसवलं. मायचा हट्ट, आधी महाराजांचं दर्शन, मग गाडी. मंदिराच्या ओट्यावर मायनं ताईच्या पाठीवर हात फिरवला आणि तो झटकन मागं घेतला. मीही हात लावून पाहिला. ताईच्या मानेवरचे केस ओले होते. सकाळी न्हाली होती खरी, पण वैशाखात केस वाळायला कितीसा वेळ लागतो? "घाम असेल," ताई म्हणाली. घामाला कडुनिंबाचा वास नसतो.

ती महिन्याभरानं परत आली. पाराजवळ सगळ्या बाया जमल्या. पुरुषांनाही ऐकायचं होतं, पण बाया हटल्या नाहीत, म्हणून ते मागं उभे राहिले. कोणी विचारलं नाही की विमान कसं असतं, तिकडचे लोक काय खातात. पाटलीणबाईनं सरळ विचारलं, "टाकलं का व कोणी पाणी?"

ताईनं सगळं सांगितलं. मोठं दालन होतं, देशोदेशीची माणसं होती, आणि प्रत्येकासमोर पाण्यानं भरलेला काचेचा ग्लास होता, वर झाकण घातलेला. तिला बोलायला थोडा वेळ दिला. ती पावसाबद्दल बोलली. मग आकडे बाजूला ठेवून विहिरीत उतरणाऱ्या बाईबद्दल बोलली. लोकांनी शांतपणे ऐकलं, टाळ्या वाजवल्या. एक गृहस्थ घड्याळ बघत होते. मग सगळे जेवायला गेले आणि ग्लास तिथंच राहिले.

"भरलेले?" सुईणीनं विचारलं.

"भरलेले."

ताईनं शेजारचा रिकामा तांब्या उचलला आणि पारावर उलटा ठेवला. बाया एकेक करून उठल्या, आणि जाताना प्रत्येकीनं ताईच्या डोक्यावरून हात फिरवला. कोणीही आपल्या चांदीबद्दल चकार शब्द काढला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

एक गोष्ट तिनं मला एकटीला सांगितली. ती विहिरीचं बोलत होती तेव्हा तिच्या पाठीवरून गार पाणी उतरलं. पोलकं चिंब झालं. शेजारच्या परक्या बाईनं न विचारता आपला रुमाल दिला. "तिला ते दिसलं," ताई म्हणाली. "म्हणजे मला भास झाला नाही."

त्यानंतर ती जातच राहिली. दर काही वर्षांनी कुठं ना कुठं बैठक भरायची, कधी बोलावणं असायचं, कधी नसायचं. तिनं लग्न केलं नाही. पैसे जमवायचे, जायचं, उलटा तांब्या घेऊन परत यायचं. तिची उशी रोज सकाळी ओली असायची. मी पुण्याला गेले की आधी तिची उशी उन्हात टाकायचे. "डोकं पूस ना गं नीट," मी करवादायचे. "पुसते की," ती म्हणायची. माय गेली ती शेवटी हेच बडबडत गेली, "पाला म्या काढला, मी कायले काढला." ताईनं तिचा हात धरून किती वेळा सांगितलं की माझं काही बिघडलं नाही, पण मायला ते पटलं नाही.

एकदा मला ते असह्य झालं. ताई न्हाणीत बसली होती. मी मागून गेले, तांब्याभर पाणी तिच्या डोक्यावर टाकलं आणि ओरडले, "सुटलीस! ऐकलंस? सुटलीस!" ती दचकली, मग खदखदून हसली. "वेडाबाई, तुझं पाणी पहिलं कुठं होतं?" नंतर केस पिळता पिळता ती शांतपणे म्हणाली, "आणि मला सुटायची घाई आहे कुठं? अजून कोणी टाकलं नाही ना." मला इतका राग आला की मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. माझी बहीण मला हवी होती, जगाची धोंडी नको होती. हे तिला मी कधी म्हटलं नाही, इथं म्हणते.

म्हातारपणी ती गावी माझ्याजवळ येऊन राहिली. वरच्या आळीतलं ते घर अजून तसंच होतं, कवाडाला तेच गंजलेलं कुलूप. त्या घरचं कोणी परत आलंच नाही. ताई रोज दुपारी फिरत फिरत तिथवर जायची आणि थोडा वेळ उभी राहून परत यायची. मी कधी विचारलं नाही.

ती वैशाखातच गेली, भर दुपारी, बसल्या जागी.

बायांनी अंगणात तिला शेवटची अंघोळ घालायला घेतली. नळ आठवड्यानं येतो, म्हणून पिंपात भरून ठेवलेलं पाणी काढलं. मी तिच्या उशाशी बसले होते. पाणी कोणी टाकायचं यावर बाया एकमेकींकडं बघत होत्या, कारण सगळ्यांना धोंडीची गोष्ट ठाऊक होती. तेवढ्यात मागून एक हात पुढं आला. फिक्या हिरव्या लुगड्यातली बाई होती, पदर पुढं ओढलेला. हातात भरलेला तांब्या. हाताला कोपरापर्यंत वाळलेला चिखल. शेतातून तशीच धावत आली असेल, असं मला वाटलं.

तिनं ताईच्या डोक्यावर पाणी टाकलं. मग तांब्या खाली ठेवला, दोन्ही हातांनी ताईच्या गळ्यापासून काहीतरी सोडवलं आणि डोक्यावरून वर काढलं. तिच्या हातात काही नव्हतं. "सुटली व बाई तू," ती म्हणाली. आवाज अगदी कोवळा होता, पोरसवदा.

ती बायांमधून मागं गेली. बाकीच्यांनी मग भराभरा तांबे ओतले. अंगण भिजलं, माझं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं. मी शेजारणीला विचारलं, "कोण होती गं ती?" ती म्हणाली, "मले वाटलं तुमच्या वळखीची." दुसरीनंही तेच सांगितलं.

मला तेव्हा ते विचारत बसायला वेळ नव्हता. ताईचे केस बांधायचे होते. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि मानेखाली हात घातला. एवढं पाणी ओतलं होतं आम्ही, पिंप रिकामं झालं होतं. माझ्या ताईचे केस कोरडे ठणठणीत होते.